उद्याची सही

पाणी आटत गेलं तसा मोठ्या बाईंचा दिवस लांबत गेला. आधी पाचला उठून भागत होतं, मग साडेचारला उठावं लागलं, आणि आता चारलाच डोळे उघडत. उठवायला कुणी लागत नसे. सासूबाईंच्या खाटेखालचं भांडं रिकामं करायचं, त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसायची, चादरीच्या सुरकुत्या हातानं ओढून काढायच्या, कारण सुरकुती राहिली की पाठीला जखम होते. मग नळाखाली बादली लावायची आणि ती भरेपर्यंत तिथेच उकिडवं बसायचं. धार करंगळीएवढी. एका बादलीला वीस मिनिटं लागत. ती वीस मिनिटं बाईंनी कधी कशासाठी वापरली नाहीत. नुसत्या बसत.

सोमवारी त्या नळापासून उठल्या तेव्हा पायावरून गरम ओघळ खाली गेला. चार महिने हेच चाललं होतं. बाईंनी कपडे बदलले, फडकी वेगळ्या बादलीत टाकली आणि त्यावर अर्धाच तांब्या पाणी ओतलं, जास्त ओतायला नव्हतंच. गडद रंगाचे दोन जोड त्यांच्याकडे होते, आलटून पालटून तेच घालत. दुसऱ्या रंगात दिसल्या असत्या तर शाळेतल्या मुलांनी त्यांना ओळखलं नसतं.

"पुन्हा?" नवऱ्यानं अंथरुणातूनच विचारलं. तो सुतार होता आणि मोजकं बोलायचा. खिळे तोंडात धरून धरून त्याचे ओठ मिटलेलेच राहिले, असं त्याची आई म्हणे.

"हं."

"गुरुवारचं पक्कं ना? शेजाऱ्याची गाडी सांगून ठेवलीय मी. आईकडे शेजारीण बघेल."

"पक्कं."

बाईंचं पक्कं कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. आधीच्या दोन तारखा हुकल्या होत्या. पहिली परीक्षेनं खाल्ली, दुसरी टँकरवाल्यानं, कारण त्या दिवशी तो येणार होता आणि टाकीची किल्ली बाईंकडे होती. टँकर काही आला नाहीच. गर्भपिशवीत गाठ होती, आणि ती काढणारे मोठे डॉक्टर दोन महिन्यांतून एका गुरुवारी यायचे आणि बाराला निघून जायचे. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई यावेळी चिडल्याच होत्या. "आता तारीख तुम्ही बदलायची नाही," त्या म्हणाल्या होत्या. "अंगात रक्तच उरलं नाही तर आम्ही काय कापायचं, तुमची शाळा?"

बाईंना त्यावर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

शाळा म्हणजे दोन वर्गखोल्या, एक कचेरी, स्वयंपाकाची पडवी आणि साठ्याची खोली. मुलं बासष्ट, शिक्षिका दोन आणि किल्ल्या अकरा. अकराही किल्ल्या एका जाड कडीत, मोठ्या बाईंच्या कमरेला. कपाटाची, धान्याच्या कोठीची, संडासाची, आणि आता पाण्याच्या टाकीचीही, कारण टाकीला कुलूप घालायची वेळ या उन्हाळ्यात आली. पलीकडच्या वर्गावरच्या धाकट्या बाईंना नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, पण त्या कडीला त्यांचा हात कधी लागला नव्हता. "मी आहे ना," असं मोठ्या बाई म्हणत आणि विषय संपे. लोक म्हणत, केवढं करतात बिचाऱ्या. करत होत्याच. पण चालताना कमरेशी किल्ल्या वाजल्या की बाईंना बरं वाटे, हेही खरंच, आणि हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नसतं.

मुलं वर्गात बसली की सव्वादहाच्या सुमारास बाई साठ्याच्या खोलीत शिरत आणि आतून कडी लावत. आत तांदळाची पोती, चेपलेला पृथ्वीचा गोल, गुंडाळलेले नकाशे आणि एक उपडी बादली. बादलीवर बसायचं, चपला काढायच्या, तळवे फरशीला टेकवायचे. खोलीला खिडकी नव्हती म्हणून फरशी भर उन्हाळ्यातही गार असे. सात मिनिटं. पूर्वी कधीमधी रडू यायचं. हल्ली तेही येईनासं झालं होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. सात मिनिटं झाली की चपला घालायच्या, खडूचा एखादा डबा हातात घ्यायचा आणि बाहेर यायचं, म्हणजे काहीतरी आणायला गेल्यासारखं दिसतं. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि कुणालाही पत्ता नाही अशी बाईंची खात्री होती.

सोमवारी तिथेच बसून त्यांनी मांडीवर कागद ठेवून रजेचा अर्ज लिहिला. महिनाभराची रजा. कारण लिहिताना पेन अडलं. अर्ज वरच्या कचेरीत जाणार, तिथे टेबलामागून टेबलं, सगळी पुरुषांची. शेवटी 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढं लिहून त्यांनी घडी घातली आणि अर्ज पिशवीत ठेवला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी धाकट्या बाईंना टाकीपाशी बोलावलं.

"ही टाकीची," कडीतली एक किल्ली वर काढत बाई म्हणाल्या. "उजवीकडे अर्धी फिरवायची, मग जरा उचलायची, मग पूर्ण."

धाकट्या बाईंनी हात पुढे केला.

"तशी नाही कळायची. राहू दे. उद्या दाखवते."

धाकट्या बाईंनी हात मागे घेतला, आणि पुढे केलेल्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून केस सारखे केले. अर्ज पिशवीतच राहिला.

मंगळवारी टँकर साडेनऊचा साडेआठलाच येऊन भोंगा वाजवत उभा राहिला. बाई घरून धावत आल्या. पाइप टाकीच्या तोंडात धरून उभं राहणं हे काम तसं मावशीचं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या मावशीचं, पण मावशी अजून यायची होती. ऊन तोंडावर येत होतं. पाइप ओला, जड आणि हिसके देणारा.

"नीट धरा हो बाई," टँकरवाला वरून म्हणाला. "मला अजून चार ठिकाणी जायचंय. तुम्हाला झेपत नसेल तर पुरुषमाणूस का ठेवत नाही कुणी?"

बाईंनी पाइप नीट धरला. कुंपणाबाहेर वस्तीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मुलांचं पिणं आणि स्वयंपाक यांचं पाणी बाजूला काढलं की उरलेल्यातून घरटी एक घागर, असा बाईंनी घालून दिलेला रिवाज होता. कागदावर तो कुठेच नव्हता. घागरी भरून होईपर्यंत बाई झाकणापाशी उभ्या राहिल्या आणि शेवटची बाई गेल्यावर कुलूप घालून कचेरीत आल्या.

कानात बारीक शिटी वाजत होती. बाईंनी खुर्चीवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली, ती रोजच ठेवावी लागे, आणि वर बसल्या. हजेरीचं मस्टर उघडलं. त्यांच्या नावापुढे तारखांची घरं ओळीनं होती. मंगळवारच्या घरात त्यांनी सही केली. पेन शेजारच्या घरात गेलं, तिथेही केली. त्याच्या पुढच्या घरात केली. त्याच्याही पुढच्या. हात अकरा वर्षं जे करत आला होता तेच करत होता आणि त्याला थांब म्हणायला डोक्यात कुणी हजर नव्हतं. शुक्रवारची सही पुरी झाली तेव्हा बाहेरून मावशीनं तांदूळ काढून द्यायला हाक मारली. बाईंनी मस्टर मिटलं आणि त्या उठल्या.

बुधवारी सकाळी मस्टर उघडलं तर त्या दिवसाच्या घरात सही होती. म्हणजे केली असणार, असं समजून बाईंनी ते पुन्हा मिटलं. पुढच्या घरांकडे बघायचं कारणच नव्हतं.

दुपारी साहेब आले. हे साहेब म्हणजे शाळा तपासणारे. शेरे हिरव्या शाईनं लिहितात म्हणून सगळ्या शाळांतून त्यांचं नाव हिरवी शाई. माणूस वाईट नव्हता, पण कुणी वाईट म्हणू नये याची काळजी घेण्यातच त्याचा सगळा दिवस जायचा. पाण्याची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली होती. शाळेचं पाणी बाहेर वाटलं जातं, अशी.

साहेब आले की मुख्याध्यापकानं उठायचं आणि आपली खुर्ची त्यांना द्यायची, ही सगळ्या शाळांची रीत. बाई उठल्या. पण खुर्चीसमोरून हलल्या नाहीत. खुर्चीवरच्या वर्तमानपत्राच्या घडीवर काय झालं असेल ते त्यांना न बघता कळत होतं.

साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि थांबले. "बसू ना?" ते म्हणाले.

बाई खुर्चीचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या. साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात धाकट्या बाई दारातून स्टूल घेऊन आल्या आणि ओढणीच्या टोकानं ते पुसत म्हणाल्या, "सर, इकडे बसा. इकडे वारा लागतो."

कचेरीत वारा कुठूनच येत नव्हता. साहेब स्टुलावर बसले आणि बसल्याबसल्या त्यांनी मस्टर ओढलं. पान उलटलं. मग एका जागी बोट ठेवलं.

"आज वार कोणता, बाई?"

"बुधवार."

"मग ही गुरुवारची सही कुणाची? आणि ही शुक्रवारची?"

बाईंनी वाकून पाहिलं. सह्या त्यांच्याच होत्या. सुबक, एकसारख्या, शेवटच्या अक्षराची वेलांटीसुद्धा चारही ठिकाणी सारखीच. एखाद्या ओळखीच्या बाईचं काहीतरी बघावं तसं त्यांनी ते पाहिलं.

"माझीच."

"उद्या-परवा यायचा विचार नाही वाटतं."

इथे पिशवीतला अर्ज काढता आला असता. बाईंचा हात पिशवीवर गेलाही. पण आता काढला तर सापडल्यावर केलेली सारवासारव दिसणार, आणि कसली प्रकृती, असं साहेब विचारणार, या खुर्चीसमोर उभं राहून ते सांगावं लागणार. बाईंनी हात काढून घेतला.

"चूक झाली," त्या म्हणाल्या.

"चूक एका घरात होते, बाई. दोन घरांत तिला बेत म्हणतात." साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि समासात हिरवी खूण केली. "लेखी खुलासा द्या. पाण्याचाही द्या. आणि उद्या मी स्वतः येतो. सही आहे तर माणूसही असलं पाहिजे. नसलं तर मग माझाही नाइलाज होईल."

अकरा वर्षांत बाईंनी एक रजा घेतली नव्हती. हे त्यांना आठवलं ते साहेब गेल्यावर, घडी गुंडाळून पिशवीत कोंबताना, आणि आठवूनही अंगात काही हललं नाही.

संध्याकाळी सासूबाईंना कुशीवर वळवताना बाई म्हणाल्या, "उद्याचं राहिलं. शाळेत जावं लागणार."

नवरा दारात रंध्याचं पातं घासत बसला होता. त्याचा हात थांबला. "मी गाडी सांगितलीय," तो म्हणाला.

"नको म्हणून सांगा."

"काय झालं ते तरी सांगशील?"

"साहेब येणारेत."

त्यानं पुन्हा पातं घासायला घेतलं, जरा जोरात. सासूबाईंचा चेहरा भिंतीकडे होता. कमरेचं हाड मोडून दीड वर्ष त्या भिंतीकडेच बघत होत्या, पण कान आणि जीभ शाबूत होती.

"मी मेले तर रजा घेशील ना गं?" त्या म्हणाल्या.

"आई, काहीतरीच."

"घेशील की नाही ते सांग. घेणार असशील तर मला आजच मेलेली धर. सांग तुझ्या साहेबाला. मी गप पडून राहीन, त्याला पायऱ्या चढून बघायला यायचं असेल तर येऊ दे." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "फडक्यांची बादली मी बघते हो रोज. माझ्या खाटेवरून मोरी दिसते."

बाईंनी त्यांच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवलं. "डावीकडे दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. इस्पितळात जायचं नव्हतं, तरी पोट रिकामं ठेवलं. का, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. शाळेत येऊन त्यांनी मस्टर उघडलं, सही होतीच, मिटलं. दहाला साहेब आले. बाई जाग्यावर आहेत हे पाहून त्यांचा थोडा हिरमोड झाल्यासारखं वाटलं. ते टाकी बघायला मागे गेले. बाई भिंतीला हात लावत साठ्याच्या खोलीत आल्या, कडी लावली आणि बादलीवर बसायला गेल्या ते थेट फरशीवर बसल्या. पाठीशी तांदळाचं पोतं होतं. चपला निघाल्या. तळवे गार फरशीला लागले.

सात मिनिटं कधी झाली ते कळलं नाही. उठायला गेल्या तर पाय त्यांचे नव्हतेच. अंगाखाली ओल होती. बाहेर साहेबांची पावलं आली.

"मोठ्या बाई कुठे गेल्या?"

"साठा मोजतायत," हा मावशीचा आवाज, दाराला अगदी लागून.

"आत्ता?"

"रोज याच वेळेला. सात मिनिटं लागतात त्यांना."

"रोज साठा मोजतात?"

"अकरा वर्षं मोजतायत, साहेब. मीच असते दारात. पोरंही या वेळेला आरडाओरडा करत नाहीत, ऐका की."

खरंच दोन्ही वर्ग शांत होते. ती शांतता बाईंनी रोज ऐकली होती आणि ती आपोआप होते असं धरलं होतं. त्यांना आधी लाज वाटली, एवढी की कानशिलं तापली. मग लाज ओसरली आणि तिच्या जागी जे उरलं त्याला त्यांना नाव देता येईना. हातातलं ओझं कुणीतरी मघापासूनच दुसऱ्या बाजूनं धरलेलं आहे असं कळावं, तसं काहीतरी.

"सात मिनिटं केव्हाच झाली," साहेब म्हणाले. "दार वाजवा."

"नाही वाजवणार," मावशी म्हणाली.

"सर," आता धाकट्या बाई बोलल्या. "आज चार्ज माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे? कागद कुठाय?"

"त्यांच्या पिशवीत. सोमवारचा आहे. पिशवी पडली होती तेव्हा मी उचलून परत ठेवला. त्यांचं आज ऑपरेशन आहे सर, बाराच्या आत, त्यांच्या मालकांनीच सांगितलं. कसलं ते मला विचारू नका, त्यांनाही विचारू नका. आणि त्या सह्या मी मंगळवारीच पाहिल्या होत्या. त्यांना कळलंही नव्हतं आपण काय करतोय ते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

पलीकडे एका मुलाला शिंक आली आणि त्यानं ती दाबली.

"त्यांचे मालक सकाळपासून फाटकाबाहेर गाडीत बसलेत," मावशी म्हणाली. "आत या म्हटलं तर म्हणतात, ती रागवेल."

साहेब धाकट्या बाईंकडे वळले. "अहो, पण चार्ज म्हणजे नुसतं तोंडी नसतं. चार्ज म्हणजे किल्ल्या हातात असाव्या लागतात."

बाईंनी कमरेची कडी सोडली. बोटं बधिर होती, दोनदा घसरली. अकरा किल्ल्या फरशीवर ठेवून त्यांनी तळव्यानं त्या दाराखालच्या फटीतून सरकवल्या. जाड कडी फटीत अडकली. मग पलीकडून कुणीतरी ती ओढून घेतली.

"टाकीची लांब दांड्याची आहे," बाई आतून म्हणाल्या. "उजवीकडे अर्धी, मग उचलायची."

"हो, बाई."

"घरटी एक घागर."

"माहीत आहे, बाई."

दाराची वरची कडी कधीच मोडली होती, खालची होती ती बसल्याबसल्या निघाली. मावशीनं पडवीतली चादर आणून ती बाईंच्या कमरेभोवती गुंडाळली आणि काखेत हात घालून त्यांना उठवलं. साहेब पाठ करून उभे होते आणि भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते. ते वेळापत्रक मागच्या वर्षीचं होतं.

"मस्टर," बाई म्हणाल्या.

"आत्ता कशाला?" मावशी म्हणाली.

"आणा."

धाकट्या बाईंनी मस्टर आणून समोर धरलं. बाईंनी गुरुवारच्या सहीवर आडवी रेघ मारली, शुक्रवारच्या सहीवर मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: रजा. साहेबांनी अर्ज मागून घेतला, दोनदा वाचला, कोपऱ्यात हिरवी सही केली. "खुलासा मात्र द्यावा लागेल," ते वेळापत्रकाकडे बघतच म्हणाले. "सावकाश द्या."

गाडीत सीटवर नवऱ्यानं जुनं गोधडीचं कापड आधीच अंथरून ठेवलं होतं. रस्ताभर त्याचा एक हात बाईंच्या मनगटावर होता, फळी चिरताना धरतो तसा घट्ट. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. कोरडी शेतं गेली, एक टँकर समोरून गेला. तो शाळेकडे चालला होता की दुसरीकडे, हे कळलं नाही, आणि वळून बघायला त्यांनी मान हलवली नाही.

इस्पितळात पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तिथली फरशी पांढरी, गार. परिचारिकेनं हिरवा झगा दिला, चपला काढून घेतल्या आणि एक फळी पुढे केली, तिच्यावर चिमट्यात कागद होता.

"काही खाल्लंय?"

"नाही."

"इथे सही करा. काही झालं तर आमची जबाबदारी नाही, असं लिहिलंय."

"आजची तारीख काय?"

परिचारिकेनं सांगितली. बाईंनी ती नीट लिहिली, पुढे वार लिहिला, वार कुणी विचारला नव्हता तरी. मग सही केली, शेवटच्या वेलांटीसकट. कागदावर त्याच्या खाली आणखी एक रिकामी रेघ होती. पेन आपोआप तिच्यावर गेलं आणि पहिलं अक्षर काढू लागलं.

"बास, बास," परिचारिका म्हणाली आणि तिनं त्यांच्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं. "एकच पुरते."